आतून लावायची कडी

पुण्यातल्या भरल्या घरात दार लावून बसायचं तर कारण द्यावं लागे. अभ्यास चाललाय, डोकं उठलंय, कपडे बदलते आहे, आत पूजा चालू आहे, ही कारणं चालत. 'मला थोडा वेळ एकटीला बसायचंय' हे कारण कुणी कारण म्हणून धरत नसे. असं कुणी म्हणालंच तर पहिला प्रश्न येई, "कुणी काही बोललं का तुला?" दुसरा येई, "बरं वाटत नाहीये का?" आणि तोवर कपाळावर कुणाचा तरी हात टेकलेला असे. त्यात माया होती आणि ती खरी होती. पण आपलं माणूस दुखावलेलं नाही, आजारी नाही, रुसलेलंही नाही, त्याला फक्त या घडीला कुणाचा आवाज नको आहे, ही शक्यता त्या घरांच्या हिशेबात बसतच नव्हती.

आमचा वाडा नारायण पेठेत होता. मधे चौक, चौकात तुळस, एका अंगाला सामायिक नळ, भोवती बिऱ्हाडं. आमच्या वाट्याला दोन खोल्या आणि माणसं सात. येणारेजाणारे, शिकायला राहिलेले, लग्नाच्या खरेदीला आलेले वेगळे. पुढच्या खोलीचं दार ओसरीवर उघडायचं आणि ओसरी सगळ्यांची होती. दाराला बाहेरून कडी होती, गावाला जाताना कुलूप घालायला. आतून लावायची कडी न्हाणीघराला तेवढी.

आत्या आणि अण्णाकाका ही सख्खी भावंडं याच दोन खोल्यांत वाढली, एकाच ताटाभोवती बसून. अण्णाकाका सकाळी नळावर पाणी भरायला गेले की हंडा भरून वाहायला लागे तरी परत येत नसत, कारण तोवर त्यांना चार बिऱ्हाडांची खबर घ्यायची असे. मंडईतून कोथिंबिरीची जुडी आणायला गेलेला हा माणूस दुपार करून परतायचा आणि येताना एखाद्या अनोळखी माणसाला जेवायला घेऊन यायचा. गणपतीच्या दिवसांत तर ते घरी फक्त अंघोळीला येत. दहा दिवस जागून, ओरडून, ढोलाच्या आवाजात उभं राहून अकराव्या दिवशी हा माणूस अधिकच ताजातवाना दिसे. माणसांत राहूनच त्यांच्या अंगात जीव येत असे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आत्या टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून सोलापूर, मुंबई, नागपूर जोडून द्यायची. तिचा आवाज फार स्वच्छ होता, कामावरच्या मैत्रिणी सांगत की चिडलेला माणूसही तिच्याशी दोन वाक्यांत मवाळ होतो. संध्याकाळी घरी आली, चहा झाला, की ती माडीच्या जिन्यात जाऊन बसे. तिथे वळणावर एक पायरी रुंद होती. नगर वाचन मंदिरातून आणलेलं पुस्तक मांडीवर असे, पुष्कळदा मिटलेलंच. वर जाणारे तिच्या बाजूने पाय ठेवून जात आणि जाताजाता काहीतरी बोलून जात. घुमी, एकलकोंडी, माणूसघाणी. "हिच्या पोटातलं ओठावर येईल तर शपथ," असं आजी तिच्यादेखत म्हणायची. आत्या हसायची आणि पाय जवळ घ्यायची.

एकाच आईची, एकाच वाड्याची ही दोन लेकरं. जुळ्यांवर आणि दत्तक मुलांवर जे अभ्यास झाले त्यांनी एक गोष्ट पुन्हापुन्हा दाखवली आहे: बहिर्मुखतेत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा अर्ध्याच्या आसपास भाग जन्मतःच्या वारशाशी जोडलेला असतो आणि एका छपराखाली वाढल्यामुळे भावंडं स्वभावाने फारशी सारखी होत नाहीत. आजीला हे कुणी सांगितलं असतं तर तिला केवढा दिलासा मिळाला असता! आपल्या हातून एका लेकराच्या वाढीत काहीतरी राहून गेलं, असं ती शेवटपर्यंत धरून होती.

हे दोन स्वभाव मानसशास्त्राच्या चर्चेत आले ते एका मतभेदातून. व्हिएन्नात फ्रॉइड आणि अ‍ॅडलर माणसाच्या एकाच दुखण्याकडे पाहत. फ्रॉइडना त्यात बाहेरच्या माणसाकडे, वस्तूकडे लागलेली ओढ दिसे आणि अ‍ॅडलरना त्यातच स्वतःची जागा राखण्याची आतली धडपड. दोघंही बुद्धिमान, दोघंही आपल्या जागी प्रामाणिक. मग फरक दुखण्यात आहे की पाहणाऱ्याच्या नजरेत? फ्रॉइडपासून तुटून बाजूला झालेले कार्ल युंग या प्रश्नाशी कित्येक वर्षं झुंजत राहिले. 1921 साली 'सायकोलॉजिकल टाइप्स' या नावाने पुढे जगभर गेलेला त्यांचा ग्रंथ जर्मनमध्ये आला आणि बहिर्मुख व अंतर्मुख या दोन प्रवृत्ती त्यात विस्ताराने मांडल्या गेल्या. युंग यांनी यातली एक निरोगी आणि दुसरी रोगट असं कुठेही म्हटलेलं नाही. दोन्ही ओघ प्रत्येकात असतात, एक वर असतो आणि दुसरा खालून वाहत असतो, असंच ते सांगत राहिले. 1937च्या अखेरीस ते हिंदुस्थानात आले होते, कलकत्त्याला भरणाऱ्या सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवासाठी. त्या प्रवासात त्यांना नारायण पेठेतल्या एखाद्या वाड्यात दोन रात्री ठेवून घ्यायला हवं होतं असं मला फार वाटतं. झुरिचच्या सरोवराकाठी बसून त्यांनी ज्या एकांताचा विचार केला, तो मिळण्याची सोयच नसलेल्या ठिकाणी अंतर्मुख माणूस काय करतो, हे त्यांना पाहायला मिळालं असतं.

युंगनंतर हा विषय ध्यानमननातून उठून प्रयोगशाळेत गेला तो मुख्यतः हान्स आयझेंक यांच्यामुळे. हे बर्लिनचे, 1916चा जन्म, हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडून लंडनला आलेले. 1967 सालच्या ग्रंथात त्यांनी मांडलं की फरक मेंदूच्या जागेपणात आहे. अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक चेतलेला असतो, म्हणून बाहेरची थोडी खळबळही त्याला पुरते आणि लगेच जास्त होते. बहिर्मुखाचा मेंदू तितका चेतलेला नसतो, म्हणून तो आवाज, माणसं, धावपळ शोधत जातो. आयझेंक यांच्या उतारवयातल्या काही कामावर, विशेषतः कर्करोग आणि स्वभाव यांची सांगड घालणाऱ्या लेखांवर, 2019मध्ये किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीने अविश्वास दाखवला आणि तो योग्यच होता. चेतनेच्या कल्पनेचं तसं नाही. तीही पुढे जशीच्या तशी टिकली नाही. नंतरच्या संशोधकांनी बहिर्मुखतेचा गाभा बक्षिसाच्या, आनंदाच्या खुणांना मेंदू किती उसळून दाद देतो त्यात शोधला. पण तिने एक फार मोठं काम केलं. तिने स्वभावाच्या गोष्टीतून दोषाचा वास काढून टाकला.

माझी पुतणी मानसशास्त्र शिकते. तिने आयझेंकच्या काळातला लिंबाचा प्रयोग आमच्या स्वयंपाकघरात करून दाखवला. दोन्ही टोकांना कापूस असलेल्या काडीच्या बरोबर मधे दोरा बांधायचा, काडी आडवी तोलून पाहायची. एक टोक वीस सेकंद जिभेवर धरायचं. मग जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब, आणि आता दुसरं टोक वीस सेकंद. काडी दोऱ्याला लोंबती धरली की ज्याला जास्त लाळ सुटली त्याचं दुसरं टोक खाली झुकतं. अंतर्मुखांचं जास्त झुकतं असं त्या प्रयोगांत आढळलं होतं. माझ्या वहिनीची काडी जवळपास आडवीच राहिली, माझी झुकली. एका काडीवरून कुणाचा स्वभाव ठरत नाही हे पुतणीने आधीच बजावलं होतं. तरी मी ती झुकलेली काडी बराच वेळ हातात धरून पाहत राहिले. सारं जग ज्याला आपला हट्ट म्हणत आलं, त्याचं टोक जिभेच्या मुळाशी असू शकतं, या विचाराने मला भरून आलं.

हार्वर्डचे जेरोम केगन तर चार महिन्यांच्या बाळांपर्यंत मागे गेले. पाळण्यावर हलणारी खेळणी, अनोळखी आवाज, नवे वास. पाचातलं साधारण एक बाळ हातपाय झाडून रडायला लागायचं, पाचातली दोन शांत पडून बघत राहायची. जी खळबळून जात, त्यांतली पुष्कळ पुढे सावध, जपून वागणारी, अनोळखी माणसांत आधी बाजूला उभी राहून पाहणारी मुलं झाली. आवाजाला दचकणारं बाळ मोठेपणी पुष्कळदा गप्प राहतं, कारण त्याच्याकडे जग मोठ्याने येतं. लाजणं आणि अंतर्मुख असणं एकच नव्हे हेही इथेच सांगायला हवं. लाजाळू माणसाला लोक हवे असतात आणि त्यांची भीतीही वाटते. अंतर्मुखाला भीती वाटेलच असं नाही, त्याला ते थोडे आणि थोडा वेळ हवे असतात. आणि बहुतेक माणसं या दोन टोकांच्या अधेमधेच कुठेतरी राहतात.

मला या सगळ्या संशोधनात सर्वांत जवळचा वाटतो तो 1984चा रसेल गीन यांचा प्रयोग. शिकण्याचं एक काम करताना कानात आवाज सोडायचा आणि तो किती मोठा असावा हे ज्याचं त्याने ठरवायचं. बहिर्मुखांनी सरासरी 72 डेसिबल निवडला, अंतर्मुखांनी 55. आपल्या निवडीच्या आवाजात दोघांचंही काम सारखंच छान झालं. मग अदलाबदल केली, याचा आवाज त्याला आणि त्याचा याला, आणि दोघंही अडखळायला लागले. म्हणजे ज्याच्या त्याच्या हातात आवाजाची कळ आहे तोवर कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही. वाड्यात ती कळ कुणाच्याच हातात नव्हती. वाडाच 72 डेसिबलचा होता आणि तो अण्णाकाकांना मानवत होता.

इथे मी ज्या कामापाशी थांबते ते पुण्याचंच आहे. आमच्या विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग 1950 साली उघडला, म्हणजे विद्यापीठाच्या जन्मानंतर लवकरच. तिथले प्रा. एम. एन. पलसाने यांनी अमेरिकेतल्या गॅरी एव्हन्स आणि इतरांबरोबर पुण्यातल्या घरांमधल्या गर्दीचा अभ्यास केला. 1989 साली तो एका नामांकित अमेरिकन नियतकालिकात छापून आला. घरातल्या दर खोलीमागे माणसं किती, हे त्यांचं माप. पुण्यातल्या कुटुंबप्रमुख पुरुषांना त्यांनी विचारलं. जिथे दाटी जास्त तिथे मानसिक त्रास जास्त, हे कुणीही सांगितलं असतं. नवं होतं ते पुढे. दाटीच्या घरातल्या माणसाला आपल्या पाठीशी कुणी आहे, अडलंनडलं तर कुणाशी बोलता येईल, हेच कमी वाटत होतं. आणि त्रासाचा मोठा वाटा या आटलेल्या आधारातून येत होता. चारी बाजूंनी माणसं, आणि आधार कमी! याचा अर्थ त्यांनी असा लावला की सतत अंगावर येणाऱ्या सहवासापासून स्वतःला वाचवायला माणूस आत सरकतो. आत सरकलं की वर्दळीचा त्रास कमी होतो, पण त्याबरोबर माया पोचायची वाटही अरुंद होते. एव्हन्स यांनी पुढे अमेरिकेत दाखवलं की दाटीच्या घरात राहणारी माणसं मोकळ्या, प्रशस्त खोलीत नेऊन बसवली तरी समोरच्याचा आधार घ्यायला आणि द्यायला मागे राहतात. घरातली सवय घराबाहेरही अंगावर राहते.

1998मध्ये याच मंडळींनी, आता बी. आर. शेजवळही बरोबर होते, दहा ते बारा वर्षांच्या कामकरी घरांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरात दाटी असेल तर शाळेतली वागणूक, अभ्यास, आईवडिलांशी नातं, सगळ्यावर ओरखडे दिसले आणि हे घरचं उत्पन्न हिशेबात धरूनसुद्धा. मुलग्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला. मुलींच्यात हतबलता आढळली, म्हणजे एकदा अपयश आलं की पुढच्या वेळी प्रयत्न लवकर सोडून देण्याकडे कल. मी हे वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायला मला जमलं नाही. दाटीने मुलग्यांच्या नाडीवर घाव केला आणि मुलींच्या हिमतीवर.

1989च्या अभ्यासात प्रश्न कुटुंबप्रमुख पुरुषांना विचारले गेले होते. तेव्हाच्या रीतीप्रमाणे ते झालं असेल. पण जिन्याच्या वळणावर बसलेल्या ऑपरेटरला कुणी विचारलं असतं तर एक मोठा प्रश्न तिथेच उभा राहिला असता, आणि तो मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही. आत्या जन्माची अंतर्मुख होती, की ती भिंती नसलेल्या घरात स्वतःची भिंत झाली होती? बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. गप्प चेहरा, जवळ घेतलेले पाय, मिटलेलं पुस्तक. एक माणूस आत रमलेला असतो आणि दुसरा आत पळालेला असतो. वाड्याने दोघांनाही एकच नाव दिलं होतं.

वाडा पाडायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त अण्णाकाका रडले. 12 जुलै 1961च्या पानशेतच्या पुरात तो वाडा छातीभर पाण्यात उभा राहून टिकला होता आणि आता कागदावरच्या सह्यांनी पडला. आम्ही कोथरूडला गेलो, अण्णाकाका आणि काकू त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर. आत्याच्या वाट्याला दहा बाय दहाची एक खोली आली. तिला खिडकी होती, खिडकीतून टेकडी दिसायची, आणि दाराला आतून कडी होती.

पहिले काही महिने ती कामावरून आली की कडी लावून घ्यायची. तासभर आतून काही आवाज नसे. आजी बाहेर येरझारा घालायची. मग दार उघडून आत्या बाहेर यायची, आणि बोलायची. हो, बोलायची. सोलापूरचा एक व्यापारी रोज रात्री आईला फोन लावून मागायचा आणि आई फोनवर काहीच बोलायची नाही, नुसता श्वास ऐकू यायचा, हे तिने आम्हांला तेव्हा सांगितलं, इतक्या वर्षांनी. युद्धाच्या काळात पहाटेपर्यंत लाइन धरून बसल्याचं सांगितलं. पुरानंतर कुणाकुणाची माणसं फोनवर सापडली आणि कुणाची नाही, तेही. ताट समोर तसंच ठेवून आम्ही ऐकत असू. पुढे ती दर रविवारी सोसायटीतल्या दोन मुलींना इंग्रजी शिकवायला लागली, फक्त दोघींना. तिसरी आली तर तिला वेगळ्या दिवशी बोलवी. म्हणजे अंतर्मुख ती होतीच. पण जिन्यातलं मौन सगळं तिच्या स्वभावाचं नव्हतं. त्यातला केवढा तरी भाग नुसत्या जागेच्या टंचाईचा होता, आणि तो तासभराच्या कडीने विरघळला.

ब्रायन लिटल या मानसशास्त्रज्ञांनी स्वतःबद्दल मोकळेपणाने सांगितलेलं आहे. वर्गात ते इतकं रंगून शिकवत की विद्यार्थी त्यांना हाडाचे बहिर्मुख समजत. व्याख्यान संपलं की ते प्रसाधनगृहात जाऊन दार लावून बसत, सावरायला. आपल्याला जे प्रिय आहे त्यासाठी माणूस स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो, पण त्यानंतर त्याला निवांत कोपरा मिळालाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आत्या आठ तास परक्यांशी गोड बोलून यायची. वाड्यात प्रसाधनगृहही सामायिक होतं आणि सकाळ-संध्याकाळ बाहेर कुणीतरी बादली घेऊन उभं असायचं. तिला त्या रुंद पायरीखेरीज दुसरा कोपरा नव्हता.

आणि अण्णाकाका? त्यांच्या वाट्याला नव्या घरात तीन खोल्या आल्या आणि उपासमार आली. जिन्यात भेटणारी माणसं "कसं काय" म्हणून किल्ली काढत. दार उघडे, दार लागे. काका दुपारी पिशवी घेऊन खाली वॉचमनपाशी जाऊन उभे राहत. गणपतीत ते रात्री शेवटच्या बसने पेठेत जात आणि पहाटे चालत परतत. बहिर्मुख माणसाच्या एकटेपणाबद्दल आपण फार कमी लिहिलं आहे. अंतर्मुखाचं दुखणं निदान काव्यात तरी शिरलं. माणसांवर जगणाऱ्या माणसाला बंद दारांच्या इमारतीत ठेवलं की तो कसा वाळत जातो, ते मी जिन्यावर उभी राहून पाहिलं आहे. पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याची चाळ'च्या शेवटाला जे चिंतन लिहिलं त्यातली हळहळ कळायला अण्णाकाकांकडे एकदा पाहणं पुरे होतं.

पु. ल. पुण्याला भांडारकर रस्त्यावर राहिले. एका माणसाने रंगमंचावर उभं राहून आख्खी चाळ उभी करायची, हा त्यांचा एकपात्री प्रयोग. त्यांच्याच ओळखीतले जी. ए. कुलकर्णी धारवाडला वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत राहिले, सभा-संमेलनांपासून दूर, डोळ्यांवर काळा चष्मा. 1973 साली 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार वाद होताच त्यांनी परत करून टाकला. अखेरची वर्षं ते पुण्यात होते आणि इथेच डिसेंबर 1987मध्ये गेले. स्वभावाच्या चाचण्या दोघांनीही दिलेल्या नाहीत, त्यामुळे मी त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवणार नाही. पण जी. एं.ची पत्रं ज्याने वाचली आहेत, सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेली 'प्रिय जी. ए.' मधली पत्रं ज्याने वाचली आहेत, त्याने 'माणूसघाणा' हा शब्द तोंडातून काढू नये. माणसाला भेटायचं टाळणारा हा माणूस कागदावर किती तुडुंब भेटत होता! भेटीची रीत निवडायची मुभा त्यांनी स्वतःला दिली होती, एवढंच. आत्याला ती मुभा दहा बाय दहाच्या खोलीने पन्नाशीत दिली.

आजच्या पुण्यात ही मुभा वेगळ्या वाटेने काढून घेतली जाते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'वर्गात बोलत नाही' असा शेरा अजून येतो. हिंजवडीच्या नोकरीसाठी ग्रुप डिस्कशनमध्ये पहिल्या मिनिटाला तोंड उघडणाऱ्याला गुण मिळतात. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांच्या फलकांवर नेहमी हात उंचावलेला मुलगा असतो, खाली पाहणारा कधीच नसतो. याच्या बाजूनेही संशोधन आहे आणि ते मी लपवणार नाही. विल्यम फ्लीसन आणि सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवलं की माणूस ज्या वेळी बोलका, धीट वागतो त्या वेळी त्याला बरं वाटतं, मग तो मुळात अंतर्मुख का असेना. पण 2019मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी माणसांना आठवडाभर ठरवून बहिर्मुख वागायला सांगितलं. एकूण गटाला उत्साह वाटला, मात्र जे अधिक अंतर्मुख होते त्यांना तो फायदा कमी मिळाला, उलट थकवा आला आणि आपण खोटे वागतो आहोत असं वाटत राहिलं. घटकाभर अंगणात ये म्हणणं आणि घरच काढून घेणं यांत हा फरक आहे. मुलांना अंगणात बोलवावं, जरूर बोलवावं. त्यांना परत आत जाऊ द्यावं, एवढंच माझं मागणं आहे, आणि ते मी प्रत्येक शिक्षकासमोर हात जोडून मागायला तयार आहे.

आमच्या वाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत आता अभ्यासिका आहेत. नारायण पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता, सगळीकडे. बीडची, नांदेडची, परभणीची, सांगलीची मुलंमुली एमपीएससीच्या तयारीला येतात, एका खोलीत कॉट टाकून चौघं-पाच जणं राहतात आणि महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत एक खुर्ची घेतात. दोन बाजूंना खांद्याइतक्या उंच फळ्या, समोर दिवा, चार्जिंगचं बटण. तिथे बोलायला बंदी असते. एका मुलीने मला सांगितलं की तिच्या घरी ती कधीच एकटी बसलेली नव्हती. पहिल्यांदा त्या फळ्यांच्या मधे बसली तेव्हा अभ्यास झालाच नाही, नुसती बसून राहिली. तिचा मित्र म्हणाला, त्याला त्या खुर्चीत गुदमरायला होतं, तो बाहेर टपरीवर उभा राहून घोकतो, लोकांना प्रश्न विचारत विचारत, तेव्हाच त्याला पाठ होतं. दोघं एकाच परीक्षेला बसणार आहेत. मुलाखतीत दोघांचं व्यक्तिमत्त्व पाहिलं जाणार आहे, आणि त्या दोघांच्या कॉटवरच्या रात्री कुणाला दिसणार नाहीत.

मी हे सगळं पुतणीला सांगितलं तेव्हा ती तिच्या प्रकल्पासाठी प्रश्नावली जुळवत होती. तुम्हांला समारंभात लोकांशी ओळख करून घ्यायला आवडतं का, गर्दीनंतर थकवा येतो का, असे नेहमीचे प्रश्न. ती थोडा वेळ पाहत बसली आणि मग तिने सर्वांच्या वर दोन रकाने वाढवले: घरात खोल्या किती, माणसं किती. तिच्या मार्गदर्शक बाईंना ते पटलं. आता दाटीच्या घरातला अबोलपणा आणि ऐसपैस घरातला अबोलपणा ती निदान वेगळा मांडून पाहू शकेल.

पहिली प्रश्नावली भरायला ती वरच्या मजल्यावर अण्णाकाकांकडे गेली. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. वहीत तिने उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली आहेत. "खोल्या तीन. माणसं दोन. आधी दोन खोल्या आणि सात माणसं होतो, ते लिही, ते बरं होतं. तुझ्या आत्याआजीला विचारलंस तर ती उलटं सांगेल, तेही लिही." मग त्यांनी काकूंना पोहे करायला सांगितले, शेजारच्या दोघांना हाक मारली, त्यांच्याही प्रश्नावल्या भरून घ्यायला लावल्या, आणि पोरगी रात्री नऊ वाजता खाली आली.